लॅटिन अमेरिकेत नेमके कोणते देश धरायचे?

प्रश्न : मुलीला शाळेसाठी लॅटिन अमेरिकेचा नकाशा रंगवायचा आहे. मेक्सिको उत्तर अमेरिका खंडात असूनही त्यात धरतात, गयाना दक्षिण अमेरिकेत असूनही गाळतात आणि ब्राझीलमध्ये तर स्पॅनिश बोलतच नाहीत. मग या प्रदेशात कोणते देश येतात?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दक्षिण अमेरिका हे खंडाचे नाव आहे, तर लॅटिन अमेरिका हे भाषेवरून आणि इतिहासावरून पडलेले नाव आहे, ही दोन्ही नावे एकच समजल्यामुळे आपला गोंधळ उडाला आहे. स्पॅनिश, पोर्तुगीज आणि फ्रेंच या तिन्ही भाषा लॅटिनपासून निघाल्या. त्यामुळे काटेकोर अर्थाने मेक्सिकोपासून अर्जेंटिना-चिलीपर्यंतचे, क्युबा व डोमिनिकन प्रजासत्ताक धरून 18 स्पॅनिशभाषक देश, पोर्तुगीजभाषक ब्राझील आणि 1804 साली फ्रान्सपासून स्वतंत्र झालेला हैती असे 20 देश त्यात येतात. ब्राझीलच्या वेगळ्या भाषेचे मूळ 1494 च्या तोर्देसियासच्या तहात आहे. त्या तहात स्पेन आणि पोर्तुगाल यांनी अटलांटिकमध्ये एक उभी रेषा आखून पलीकडची भूमी, तिथल्या कोणालाही न विचारता, आपापसांत वाटून घेतली होती.

मात्र केवळ भाषेचा निकष लावला, तर कॅनडातला फ्रेंचभाषक क्विबेक प्रांतही आत यायला हवा, आणि तो कोणीच धरत नाही. याचे कारण नावाच्या जन्मात आहे. चिलीचे फ्रान्सिस्को बिल्बाओ यांनी 1856 साली पॅरिसमधल्या भाषणात ‘लॅटिन अमेरिका’ हा शब्द वापरला, तो उत्तरेकडील इंग्रजीभाषक संयुक्त संस्थानांच्या विस्ताराविरुद्ध दक्षिणेकडच्या प्रजासत्ताकांनी एकत्र यावे म्हणून. पुढे तिसऱ्या नेपोलियनने मेक्सिकोत सैन्य उतरवले, त्या काळात फ्रान्सलाही हे नाव सोयीचे वाटले, कारण ‘लॅटिन’ म्हटले की फ्रान्सचाही भाऊबंदकीचा हक्क सांगता येत होता! ग्वारानीसारख्या स्थानिक भाषांना मात्र या नावात जागा नाही. पराग्वेत आज ग्वारानी ही स्पॅनिशच्या जोडीने राजभाषा आहे.

गयानाची गोष्ट आपल्या क्रिकेटप्रेमी वाचकांना सहज उमगेल. क्लाइव्ह लॉइड आणि रोहन कन्हाय (यांच्याच नावावरून सुनील गावसकर यांनी मुलाचे नाव रोहन ठेवले) हे दोघेही गयानाचे, पण खेळले वेस्ट इंडिजकडून. 1966 पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या या देशाचे नाते शेजारच्या व्हेनेझुएलापेक्षा त्रिनिदाद-बार्बाडोसशी अधिक जवळचे आहे. कॅरिबियन देशांच्या ‘कॅरिकॉम’ या संघटनेचे मुख्यालयही गयानाच्या राजधानीत, जॉर्जटाउनमध्ये आहे. डचभाषक सुरिनामचेही तसेच. त्याचा फुटबॉल संघ दक्षिण अमेरिकेच्या नव्हे, तर उत्तर-मध्य अमेरिका व कॅरिबियनच्या महासंघात खेळतो. बेलिझमध्ये स्पॅनिश पुष्कळ ऐकू येते, पण राजभाषा इंग्रजी असल्यामुळे तो काठावर राहतो.

नकाशासाठी मी एवढेच सुचवेन की वर सांगितलेले 20 देश एका रंगात भरावेत आणि गयाना, सुरिनाम व बेलिझ यांना नुसत्या तिरप्या रेघा माराव्यात. शाळेने ‘लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन’ असा विषय दिला असेल, तर इंग्रजीभाषक बेटांसह 33 देश रंगवावे लागतील. पोर्तो रिको स्पॅनिशभाषक असला, तरी 1898 पासून अमेरिकेच्या ताब्यात असल्यामुळे ‘देश’ म्हणून त्याची गणना होत नाही. आणि सुरिनामला लागून असलेला फ्रेंच गयाना हा आजही फ्रान्सचाच भाग असून तिथे चलनही युरोच आहे, तेव्हा त्याला फ्रान्सचा रंग द्यावा.