पार्टनरशिप चालते, मग लग्न का नाही? अँग्लिकन चर्चबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: इंग्लंडमधले पाळक सिव्हिल पार्टनरशिप करू शकतात पण समलिंगी लग्न नाही, असं का?

सिव्हिल पार्टनरशिप म्हणजे जोडप्याच्या नात्याची कायदेशीर नोंदणी. तिचा कायदा २००४ चा, लागू झाला डिसेंबर २००५ मध्ये. वारसा, पेन्शन वगैरे हक्क जवळपास लग्नासारखेच, पण कायदा त्याला लग्न म्हणत नाही, आणि चर्च ऑफ इंग्लंडने, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चने, नेमकं तेच धरून ठेवलं. जुलै २००५ मध्ये बिशप लोकांनी सांगून टाकलं की पाळकांनी पार्टनरशिप केली तरी चालेल, फक्त शारीरिक संबंध ठेवायचे नाहीत. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही नाही, कारण बायको असलेल्या पाळकाला त्याच्या बेडरूमबद्दल कोणी विचारत नाही आणि पार्टनरशिप केलेल्याला मात्र तशी खात्री द्यावी लागते. बरं, खात्री देऊनही काय मिळतं? जेफ्री जॉन या समलिंगी पाळकांचं नाव २००३ मध्ये इंग्लंडमधल्या रीडिंगच्या बिशपपदासाठी जाहीर झालं होतं, आपण ब्रह्मचर्य पाळतो हे त्यांनी उघड सांगितलं होतं, तरी एवढा गदारोळ झाला की त्यांना माघार घ्यावी लागली. तेव्हा अट पाळणाऱ्यालाही दार बंदच होतं, हा सरळ अन्याय होता.

प्रश्न: पण आता समलिंगी जोडप्यांना चर्चमध्ये आशीर्वाद देतात ना?

हो, डिसेंबर २०२३ पासून, पण नेहमीच्या उपासनेतच. फेब्रुवारी २०२३ च्या सिनडमध्ये, म्हणजे चर्चचे निर्णय घेणाऱ्या सभेत, या आशीर्वादांच्या बाजूने बिशप ३६ विरुद्ध ४, पाळक १११ विरुद्ध ८५ आणि सर्वसाधारण सभासद १०३ विरुद्ध ९२ असं मतदान झालं होतं. त्या जोडप्यासाठी वेगळा विधी हवा असेल तर तिन्ही गटांत दोन-तृतीयांश मतं लागतील असं बिशपांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरवलं, आणि वरचे आकडे बघितले तर ते किती लांब आहे ते कळतंच. चर्चमध्ये लग्न तर नाहीच, २०१३ च्या कायद्यातच तशी मनाई आहे.

प्रश्न: स्कॉटलंडमध्ये मग कसं चालतं?

अँग्लिकन लोकांना पोप नाही, प्रत्येक प्रांताचं चर्च आपापलं ठरवतं. स्कॉटलंडच्या अँग्लिकन चर्चने २०१७ मध्येच समलिंगी लग्नाला परवानगी दिली. वेल्समध्ये फक्त आशीर्वाद, पण तिथल्या आर्चबिशप चेरी व्हॅन, २०२५ मध्ये निवडून आलेल्या, स्वतः सिव्हिल पार्टनरशिपमध्ये आहेत. दुसरीकडे आफ्रिकेतली बरीच चर्चेस इतकी नाराज आहेत की कँटरबरीच्या आर्चबिशपचं, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रमुख धर्मगुरूंचं, नेतृत्वच मानायला तयार नाहीत.

प्रश्न: आम्ही नागपूरचे, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीचे. मुलाने लंडनमध्ये पार्टनरशिप केलीय, त्याला तिथल्या चर्चमध्ये प्रार्थना हवीय. आमच्या चर्चची परवानगी लागेल का?

अजिबात नाही ताई. सीएनआय १९७० मध्ये तुमच्या नागपुरातच स्थापन झालं, ते अँग्लिकन परिवारात आहे पण त्याची सिनड वेगळी, इथला निर्णय तिथे लागू होत नाही आणि तिथला इथे. मुलाला सांगा आधी पाळकांना भेट, कारण या प्रार्थना म्हणायची सक्ती कुठल्याच पाळकावर नाही, ते नको म्हणाले तर दुसऱ्या चर्चमध्ये विचारायचं. तारीख ठरली की तुम्ही दोघं जरूर जा, व्हिसाला वेळ लागतो म्हणून अर्ज लवकर करा.