गावातल्या नुकत्याच वारलेल्या माणसांची स्मरणिका काढायची तर माहिती कुणाला विचारावी आणि काय लिहावं?

तुम्ही विचारलंय की गेल्या काही वर्षांत गावातली बरीच वडीलधारी माणसं गेली, त्यांच्या आठवणींची पुस्तिका काढायची आहे, तर माहिती कुणाकडून घ्यावी, काय लिहावं, काय गाळावं आणि छपाईचं कसं करावं. आमच्या गावात (औसा तालुका, जिल्हा लातूर) आम्ही अशी पुस्तिका काढली आहे. त्यावरून घरात वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी स्पष्टच सांगतो. ‘प्रेमळ, मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीचे’ एवढंच लिहायचं असेल तर पुस्तिका काढू नका. ते चौकातल्या फ्लेक्सवर छापून झालेलं आहे. तिथं फोटो बदलतो, नाव बदलतं, बाकी मजकूर तोच राहतो. माणूस कोणतं काम करायचा, कशात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, कुणाशी त्याचं बांधावरून वाकडं होतं, जत्रेत तो कुठं उभा राहायचा, हे लिहा. वाचणाऱ्याला माणूस डोळ्यासमोर दिसला पाहिजे.

दुसरं, माहिती लेकाला विचारायला जाऊ नका. जावेला विचारा. शेजारणीला विचारा, घरी सालानं राहिलेल्या गड्याला विचारा, बैलबाजाराला बरोबर जाणाऱ्याला विचारा. लेक, त्यातही पुण्याला स्थायिक झालेला लेक, आईबापाबद्दल त्याच्या आजच्या घराला शोभेल तेवढंच सांगतो. हे मी अनुभवानं म्हणतोय.

माझी चुलती, आम्ही तिला मोठी माय म्हणायचो, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत २०२१ च्या एप्रिलमध्ये लातूरला दवाखान्यात वारली. तिला गावात आणता आलं नाही. दहावा, तेरावा काही धड झालं नाही. वर्षश्राद्धाला मात्र अण्णांनी, म्हणजे तिच्या थोरल्या मुलानं, मोठा मांडव घातला, कीर्तन ठेवलं आणि पारावर फ्लेक्स लावला. फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला. खांद्याच्या वरचा भाग तेवढा दिसतो.

हात दिसत नाहीत, हे मला तिथं उभं राहूनच खटकलं. मोठ्या मायच्या डाव्या तर्जनीचं नख मधोमध चिरलेलं होतं आणि ते तसंच दोन भागांत वाढायचं. भाकरी थापताना ती तेवढं एक बोट वर धरायची. पिठात बोट बुडालं की चिरेत पीठ जाऊन बसायचं आणि मग ती बाभळीच्या काट्यानं ते कोरून काढायची. आम्ही पोरं विचारायचो, “मोठी माय, नखाला काय झालं?” ती म्हणायची, “तळ्याला दिलं.” याच्या पुढं ती कधी बोलली नाही.

पुढचं मला माझ्या आईनं सांगितलं. आई म्हणजे तिची धाकटी जाऊ. १९७२ ला पाऊस गेला. त्याच्या आधीची सालंही काही धड नव्हती. आमचं चाळीस एकराचं घर, पण विहिरी आटल्या, पेव रिकामं झालं, बैल मिळेल त्या भावानं विकले. चुलते दम्यानं अंथरुणाला खिळलेले. आजोबा म्हणायचे, उपाशी मरू पण या घरची बाई सरकारी कामावर जाणार नाही. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. एके दिवशी आजोबा औशाला गेलेले बघून दोन्ही जावा पहाटेच्या अंधारात पदर तोंडावर ओढून कामावर गेल्या. मस्टरवाल्यानं नाव विचारलं तेव्हा मोठ्या मायनं माहेरचं नाव, माहेरचं आडनाव सांगितलं. सासरचं नाव हजेरीपटावर जायला नको म्हणून. आईनंही तेच केलं. पगाराच्या दिवशी दोघींनी त्या माहेरच्या नावापुढं अंगठे दिले.

आई माती वाहायची. मोठ्या मायला खडीवर बसवलं होतं. डाव्या हातानं दगड धरायचा, उजव्या हातानं हातोडी. बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायच्या, तरी घाव चुकला की चिंधी काय करणार? नख तिथंच गेलं. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा आजोबा ओसरीवरच बसलेले. बोट बघून त्यांना सगळं समजलं. ते काही बोलले नाहीत. त्या रात्री त्यांनी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवसापासून दोघी उजाडल्यावर जायला लागल्या. कामावर सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचे तो कोरडा खाऊ, मिळायची. ती दोघी पदरात बांधून पोरांना आणायच्या. त्या पोरांतले एक अण्णा.

मी हे सगळं दीड पानात लिहिलं आणि छापायच्या आधी रीतीप्रमाणे अण्णांना वाचून दाखवलं. ते निवृत्त अधिकारी आहेत, माझ्यापेक्षा बरेच मोठे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आरं, आमच्या आईला खडी फोडताना कशाला दाखवायलास? लोक काय म्हणतील? नातीचं लगीन व्हायचंय.” मी म्हटलं, यात लाजण्यासारखं काय आहे? १९७३ च्या उन्हाळ्यात या राज्यात ५० लाखांच्या आसपास माणूस दुष्काळी कामावर होता. त्यात पाटलाच्या घरच्या बाया होत्या, बलुतेदारांच्या होत्या, महारवाड्यातल्या होत्या, सगळ्या एकाच रांगेत. अण्णा म्हणाले, “ते सगळं खरं असंल. पण आपल्या घरचं नको.”

अण्णा ज्या सरकारात नोकरी करत होते त्याच सरकारनं त्या कामांवरून १९७७ ला रोजगार हमीचा कायदा केला. मागंल त्याला काम, हा कायद्यानं दिलेला हक्क. पुढं २००५ ला केंद्रानं देशभरासाठी कायदा केला त्यालाही हाच दाखला होता. हे कुणा एका पुढाऱ्याच्या डोक्यातून आपोआप आलेलं नाही. त्याच्याखाली माझ्या चुलतीसारख्या लाखो बायांची बोटं आहेत. १९७२ लाच देशात स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट वाटले गेले, आमच्याही भागात ते आले, आणि ते योग्यच झालं. पण त्या वर्षी तळ्यावर बसलेल्या बाईला काय मिळालं? माहेरच्या नावानं एक अंगठा. तोही आता पुस्तकातून पुसायचा?

आणि एक गोष्ट अण्णांना मी तोंडावर सांगितली, इथंही सांगतो. त्यांचं खालचं रान त्या तळ्याच्या पाझरावर आहे. शेजारच्या शिवारात जानेवारीत विहिरी तळ गाठतात, त्यांच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं. ते पाणी कुठून येतं हे ते जाणतात.

तोडगा अक्कानं काढला. अक्का म्हणजे त्यांची बहीण, निलंग्याकडं दिलेली. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी फोनवर तिला ते दीड पान वाचून दाखवलं. ती रडली आणि म्हणाली, “लिही. माझ्याबी आईची गोष्ट हाय ती. सुकडी मीबी खाल्लीय.” मग मी छापलं, एक ओळ न गाळता. अण्णांनी त्यांच्या वाट्याच्या प्रती घेतल्या नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगतो, परवानगी घ्यायची तर फक्त मुलाची घेऊ नका. मुलींचीही घ्या. आपल्याकडं पोरगी दिली की तिचा आईबापावर बोलायचा हक्क संपला असं सगळे धरून चालतात. श्राद्धाला पिंड मुलगा देतो हे ठीक, पण आठवण काही सातबारा नाही की फेरफार झाला आणि एकाच्या नावावर गेली. उलट माहेरवाशिणींना जास्त आठवतं, कारण त्यांनी गाव एका ठरावीक वयात सोडलेलं असतं आणि तेवढंच गाव त्यांनी मनात जपलेलं असतं.

आता तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडं येतो.

नावांची यादी करायला ग्रामपंचायतीचं मृत्यू रजिस्टर बघालच, पण त्याच्यावर विसंबू नका. मृत्यूची नोंद जिथं मरण आलं तिथं होते. कोरोनात आमच्याकडची निम्मी माणसं लातूर, सोलापूर, पुण्याच्या दवाखान्यांत गेली, त्यांचं नाव गावच्या रजिस्टरात नाही. त्यापेक्षा गल्लीनिहाय बसा आणि घर मोजत जा. मारुतीच्या पारावर बसून केलेली यादी पारापुरतीच होते, म्हणून प्रत्येक वस्तीत जाऊन बसा. आमच्यात लिंगायतांची दफनभूमी वेगळी, मुसलमानांचं कब्रस्तान वेगळं, बौद्धांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम वेगळा. त्यामुळं कोण कधी गेलं हे एका आळीला दुसऱ्या आळीचं ठाऊक नसतं. हलगी वाजवणारा, सुईण, पाणी दाखवणारा, मढं निघालं की न बोलावता लाकडं फोडायला येणारा, यांची नावं आधी लिहा. सरपंच आणि चेअरमन कुणी विसरणार नाही.

जन्मतारखेच्या फंदात पडू नका. शाळेच्या दाखल्यावर सगळ्यांची १ जूनच सापडेल, गुरुजींनी टाकलेली. निजामाच्या काळातला कागद हाती लागला तर तो बहुतेक उर्दूत असतो आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुलातलं, असतं. फसली सालात ५९० मिळवले की इसवी साल येतं, एखाद्या वर्षाचा फरक धरा. त्याहून सोपं म्हणजे म्हातारी सांगेल तसं लिहा: “रझाकारीत मी रांगत होते”, “पोलीस ॲक्शनच्या साली लगीन झालं”, “बहात्तरला पोटुशी होते”. यावरून साल तर निघतंच, पण तिचा जगण्याचा हिशेबही दिसतो.

उशीर करू नका. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला तेव्हा किल्लारी, सास्तूरकडं काही घरं अशी गेली की सांगायला मागं कुणी उरलं नाही. स्मृतिस्तंभाजवळ दरवर्षी माणसं जमतात, तो मान आहेच. पण त्या घरातली म्हातारी कोणत्या ओव्या म्हणायची हे आता कुणाला विचारणार? तिकडं तर घाला आला होता. आपल्याकडं तसं काही नाही, तरी जावा एकेक करून चालल्याच आहेत.

तुमच्याही गावात देवळामागं कुठंतरी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, पडलेला असेल. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, वर तो शिवलिंगापुढं बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. आमच्याकडं लोक त्याला शेंदूर लावतात. त्याच्यावर नाव नाही. दगड घडवणाऱ्यानं घोडा कोरला, तलवार कोरली, पण माणूस कोण होता ते राहून गेलं. फ्लेक्सवाल्या मजकुराचं तेच होणार आहे. नाव असेल, माणूस नसेल.

काय गाळावं, हे आता सांगतो. वर मी ठासून लिहिलं असलं तरी सगळंच छापावं असं माझं म्हणणं नाही. मरण कसं आलं हे लिहायची गरज नसते. कर्जापायी ज्यानं जीव दिला त्याच्याबद्दल त्याची बायको म्हणेल तेवढंच लिहा, एक शब्द जास्त नाही, आणि तिनं नको म्हटलं तर पुरे. तिथं भावकीचं ऐकू नका. १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी मराठवाड्यात बौद्धांची घरं जळाली. तुमच्या गावात तसं घडलं असेल तर ज्यांचं घर जळालं त्यांच्याकडूनच ऐका आणि त्यांना पटेल तसंच लिहा. जाळणाऱ्याच्या नातवानं सांगितलेली हकीकत त्या पानावर नको. आणि पोटी मूल नसणं, दुसरेपण, नवऱ्यानं टाकणं, हे ज्या बाईचं असेल तिनं जिवंतपणी स्वतः कुणाजवळ बोललेलं असेल तरच घ्या. मोठी माय खडीबद्दल बोलायची नाही, असंही अण्णा म्हणाले होते, त्यांचा तेवढा एक मुद्दा मला मान्य आहे. पण तिनं ते जावेपासून आणि लेकीपासून लपवलं नव्हतं.

छपाई तालुक्याच्या प्रेसवर होते. वर्गणी घेताना कुणाचा जास्त पैसा घेऊन जास्त पानं देऊ नका, त्यानं सगळं नासतं. हातांचा, अवजारांचा फोटो मिळाला तर तो छापा, नुसता चेहरा नको. प्रती शाळेला द्या, ग्रामपंचायतीला द्या, तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात नोंद करून द्या आणि गावच्या लेकी जिथं जिथं दिल्यात तिथं पोस्टानं पाठवा. अण्णांसारखं कुणी प्रती घ्यायला नाही म्हणालं तर त्या त्यांच्या बहिणीच्या पत्त्यावर टाका. आमच्या अक्कानं त्या सगळ्या वाटल्या आणि आणखी मागवल्या.