स्पेनच्या मायोर्का बेटावर सायकल चालवायला जातोयस? मग हे ऐक

पहिल्याच दिवशी सा कालोब्रा या समुद्रकाठच्या गावाकडे धावू नकोस. तो रस्ता आधी मजेत समुद्रापर्यंत उतरवतो आणि परतताना तोच साडेनऊ किलोमीटर चढायला लावतो, वर टुरिस्ट बसेसची गर्दी. त्यापेक्षा सोयेर गावाचा जुना घाट धर. १९९७ मध्ये डोंगराखालून बोगदा झाला, गाड्या तिकडे वळल्या. सायकलला बोगद्यात मनाई, पण हवाय कोणाला? वरची वळणं जवळपास आपलीच. खिंड ४९६ मीटरवर, चढ सहा टक्क्यांच्या आसपास. सिंहगड चढणाऱ्याला हा किरकोळच.

खरी भीती उताराची. तिकडच्या भाड्याच्या सायकलला पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. पहिल्याच वळणावर मी सवयीने डावा करकचून दाबला आणि मागचं चाक उचललं गेलं. पडलो नाही, नशीब. ब्रेक दुकानातच अदलाबदल करून माग, नाहीतर निघण्याआधी दहा मिनिटं गल्लीत सराव कर. वाहतूक उजवीकडून, हे कॉफीसाठी थांबून पुन्हा निघताना हमखास विसरतं.

एप्रिल-मेमध्ये जा. जुलैचं ऊन नको रे बाबा.