सायनसमुळे डोकं खूप दुखतं, गोळ्या न घेता घरगुती उपाय आहे का?

तुम्ही लिहिलंय की सकाळी उठल्या उठल्या कपाळ आणि गालाची हाडं ठणकतात, खाली वाकलं की अजून जास्त, आणि गोळ्यांचा कंटाळा आलाय. मला हे कॉलेजपासून आहे, पुण्यात थंडी सुरू झाली की ठरलेलंच, म्हणून मी काय करते ते सांगते, बाकी मी काही डॉक्टर नाही.

आधी एक सांगा, नाक खरंच चोंदलेलं असतं का? पिवळा-हिरवा शेंबूड, वास न येणं, वरच्या दाढा दुखणं असं काही? कारण नाक मोकळं असेल, उजेड-आवाज नको वाटत असेल, मळमळत असेल तर ते बहुतेक मायग्रेन असतं आणि लोक वर्षानुवर्षं सायनस समजून वाफ घेत बसतात. मायग्रेनमध्येही नाक गळतं, त्यामुळे आणखी घोळ होतो. तसं असेल तर खालचं सगळं सोडा आणि डॉक्टरकडे जा.

खरंच सायनस असेल तर कपाळाला काय चोळायचं यापेक्षा नाक कसं मोकळं करायचं ते बघा, आतला चिकट कफ बाहेर पडला की दाब आपोआप उतरतो. मला सगळ्यात जास्त फरक जलनेतीने पडला, म्हणजे एका नाकपुडीत मिठाचं कोमट पाणी सोडून दुसरीतून बाहेर काढायचं. अर्धा लिटर पाण्यात चहाचा पाऊण चमचा बिनआयोडीनचं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्यायचं, थेट नळाचं अजिबात नाही, अमेरिकेत लुईझियानात 2011 साली नळाच्या पाण्याने नेती करून दोन माणसं मेंदूत अमीबा जाऊन गेली. बेसिनवर वाकून डोकं एका बाजूला कलवायचं, वरच्या नाकपुडीत पाणी सोडायचं आणि श्वास तोंडाने घ्यायचा. नंतर जोरात शिंकरू नका, कान दुखतात. नाक ठार बंद असेल तर आधी वाफ घ्या आणि मग नेती.

वाफ साध्या पाण्याचीच पुरते. निलगिरी किंवा त्या बामने नाक उघडल्यासारखं वाटतं खरं पण ते बरंचसं नुसतं वाटतं, सूज काही उतरत नाही. मुलं आसपास असतील तर पातेलं जमिनीवर ठेवू नका, भाजल्याच्या केसेस होतात, आणि कापूर तर लहान मुलांपासून लांबच ठेवा.

शेक म्हणाल तर तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी, आधी हाताच्या मागच्या बाजूला लावून बघायची. सासूबाई सुंठ सहाणेवर उगाळून कपाळाला लेप लावतात, बरं वाटतं, पण कातडी नाजूक असेल तर आग आग होते. ओवा निखाऱ्यावर टाकून धुरी घेतात ते मात्र मला पटत नाही, आधीच सुजलेल्या नाकात धूर कशाला. आणि लसणाचा रस नाकात घालायचे व्हिडिओ फिरतायत ना, त्यांच्या नादी लागूच नका.

रात्री दोन उशा घ्या. सपाट झोपलं की कफ आत साठतो, सकाळी ठणका लागण्याचं ते एक कारण.

मेडिकलमधून आणलेले नाकाचे ड्रॉप्स, ते टाकताच नाक उघडतं ते, तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका, नंतर तेच नाक चोंदवायला लागतात आणि मग सुटत नाहीत. साध्या मिठाच्या पाण्याच्या स्प्रेचं तसं नाही.

दहा दिवसांत उतार नाही, किंवा बरं होता होता परत वाढलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, मान आखडणं, जोराचा ताप यातलं काही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी हॉस्पिटल.

दही-केळी बंद करू का विचारलंय, मी दुपारी खाते दोन्ही, मला काही होत नाही. तुम्हाला खाल्ल्यावर त्रास जाणवत असेल तर सोडून बघा, नाहीतर उगाच कशाला.