बाबांचं नाव काढलं की आई रडते

“घरात बाबांचा विषय काढावा की नाही? काढला की आईच्या डोळ्यांत पाणी येतं. तिला त्रास नको म्हणून आम्ही सगळेच गप्प बसतो. बरोबर करतोय ना आम्ही?”

मालवण, वेंगुर्ला, देवगड पट्ट्यातून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी वारंवार ऐकते. माझं उत्तर आहे, बोला. ते का, हे एका घराच्या अनुभवातून सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वेंगुर्ल्याजवळच्या वाडीतलं हे घर. वडील श्रावणात हृदयविकाराने गेले. त्यांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यात, मूर्ती अर्ध्या रंगवून झाल्या होत्या. माणूस एक आणि हातात कला किती! आंबा-काजूची कलमं बांधायची, विहिरीवरचा पंप खोलून परत जोडायचा, चिऱ्याचा गडगा रचायचा, भजनात पेटी वाजवायची आणि गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायची. हे सगळं सांभाळून रात्री नातीच्या वहीत चित्रंही काढून द्यायचे. वाडीत कुणाचं काही अडलं की आधी ‘अण्णांका बोलव’.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग चाकरमानी कोकणकन्येने मुंबईला परतले. धाकटी लेकही डोंबिवलीला गेली. मागे उरले आई, थोरला मुलगा, सून आणि नात. पेटी माळ्यावर गेली, हत्यारांची पिशवी पलंगाखाली. भिंतीवरच्या फोटोला रोज ताजा हार, पण फोटोतल्या माणसाबद्दल घरात अवाक्षर नाही.

माझ्याकडे मुलगा आला तो आईची काळजी घेऊन. थोडं बोलल्यावर त्याचं स्वतःचं दुखणं बाहेर आलं. “मॅडम, परवा पंप बंद पडला. दोन तास खटपट केली, जमलं नाही. शेजारचे काका म्हणाले, तुझो बापूस असतो तर आतापर्यंत पाणी चालू झाला असता. मला त्यांच्यासारखं काहीच येत नाही.” बागेत, शाळेत, भजनात, जिथे जाईल तिथे त्याला हेच ऐकू येत होतं. कोणी बोललं नाही तर तो स्वतःच स्वतःला ऐकवायचा.

पुढच्या वेळी मी आईलाही बोलावलं. मुलाला बाहेर थांबवून विचारलं, “काकी, ह्यांची आठवण काढली तर त्रास होतो का?” त्या म्हणाल्या, “रडूक येता, त्येचा काय नाय गो. पण ह्यांचा नाव कोण घेणाच नाय. ह्ये घरात कधी ऱ्हवलेच नाय असा वाटता माका.” मुलं आईला जपत होती, आई मुलांना जपत होती, आणि त्या जपण्यात प्रत्येक जण एकटा पडला होता. आपल्याकडे अश्रूंचा फार धसका घेतात. पाणी आणून देतात, विषय बदलतात, ‘आता रडू नको’ म्हणतात. रडणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की इथे रडायची सोय नाही.

मी एक काम सुचवलं. लेक पितृपक्षात म्हाळासाठी येणार होती. त्या संध्याकाळी प्रत्येकाने बाबांची एक वस्तू घेऊन बसायचं आणि तिच्याबद्दल आईला एकच विचारायचं, “हे बाबा शिकले कधी?” आईला ते आधी सांगायचं आणि तिची तयारी असेल तरच बसायचं. ती रडली तर उठायचं नाही, गप्प शेजारी बसून राहायचं.

त्या संध्याकाळी काय झालं ते मुलाने मला सविस्तर सांगितलं. त्याने कलमांचा चाकू पुढे ठेवला. कोय कलमाला कोयीतून नुकतंच उगवलेलं, पंधराएक दिवसांचं तांबूस कोवळं रोप लागतं. त्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. बाबा बोलता बोलता करायचे, बघणाऱ्याला वाटावं की ते जन्मतःच शिकून आले. आई म्हणाली, लग्नानंतरच्या पहिल्या पावसात त्यांनी बांधलेली बहुतेक सगळी कलमं सुकली. सासऱ्यांचं बोलणं खाल्लं, दोन दिवस जेवले नाहीत. पंपाची मोटर त्यांनी एकदा जाळली होती आणि तिच्या दुरुस्तीसाठी आईची बांगडी गहाण पडली. पेटी तर चाळिशीत हातात घेतली आणि पुढे कंटाळून दोन वर्षं बंदही ठेवली. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने बाग झोपवली तेव्हा बाबा लगेच नव्या रोपांच्या मागे लागले, असं मुलाच्या लक्षात होतं. आईच्या लक्षात होत्या त्याआधीच्या रात्री, पडवीत बसून त्यांनी जागून काढलेल्या.

मला या घराने शिकवलं ते हे. मुलांनी बाप पाहिलेला असतो तो हात बसल्यानंतरचा. चुकत, जळवत, ओशाळत शिकणारा तरुण फक्त बायकोने पाहिलेला असतो. तिला गप्प केलं तर तो तरुण घरातून कायमचा जातो आणि मुलाच्या वाट्याला एक न चुकणारा बाप उरतो. त्याच्याशी तुलना करून कोण जिंकणार?

लेकीने त्या रात्री वेगळंच काढलं. मुंबईत नोकरी धरली म्हणून बाबा तिच्याशी किती तरी दिवस बोलले नव्हते. तापट होते. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलावं का, म्हणून ती अडखळली. आईनेच सांगितलं, “बोल गो, होतेच तसे.” मला ही परवानगी फार मोलाची वाटते. राग गिळून केलेली आठवण अर्धी राहते.

शोकाचे ठरावीक टप्पे असतात आणि ते एकामागून एक पार करायचे असतात, असं अनेकांना वाटतं. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडलेले ते टप्पे मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून मांडलेले होते. मागे राहिलेल्यांसाठी मला शोकाचे अभ्यासक मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट यांची 1999 ची मांडणी जास्त उपयोगी पडते. माणूस कधी दुःखाकडे जातो, कधी रोजच्या कामाकडे, आणि ही ये-जा निरोगी असते. सकाळी रडलेली आई दुपारी कोकमाची सोलं वाळत घालते, त्यात काही खोटं नाही.

मात्र वर्ष उलटूनही रोज तीच तीव्र ओढ असेल, जेवणखाण, झोप, कामधंदा थांबला असेल, जगण्यात अर्थ नाही असं तोंडी येत असेल, तर घरातल्या गप्पांवर विसंबू नका. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर वर्षाची वाट अजिबात पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

या घरात तशी वेळ आली नाही. मुलगा आता पंप बिघडला की सरळ मेकॅनिकला फोन करतो. कलमं स्वतः बांधतो, निम्मी जगतात. डोळ्यांची आखणी आपल्या हाताची नाही हे कबूल करून त्याने यंदा गणपतीची शाळा बंद ठेवली, आणि आईला ते मुळीच पटलेलं नाही. “ह्ये असते तर शाळा बंद पडूक देवचे नाय होते,” ती जेवताना म्हणते. तो म्हणतो, “आणि पेटी दोन वर्षं कोणी बंद ठेवली होती?” वाद अजून चालू आहे.