आधी शेजारचं दार वाजवा

"ताई, आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर एका समाजाला 'चालते व्हा' असं मोठ्या अक्षरांत रंगवलंय. आठ दिवस झाले, सगळे मान खाली घालून जातात. त्याच समाजाची माझी मैत्रीण शेजारी राहते. ती आता मुलांना मागच्या वाटेने शाळेत नेते. हे म्हणतात, 'आपण कशाला मध्ये पडायचं?' मी एकटी काय करू?"

तुमच्या पत्रातली ती 'मागची वाट' माझ्या मनातून जात नाही. भिंत आज ना उद्या रंगवता येईल, पण एका आईने आपल्याच गल्लीत वाट बदलावी, हे मला सोसवत नाही.

म्हणून आज संध्याकाळी मैत्रिणीकडे जा. "ते लिहिलेलं मी पाहिलं. आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही, चुकलंच माझं," एवढं म्हणा आणि ती काय बोलते ते ऐका. तिच्या घरच्यांना काय हवंय तेही विचारा. कदाचित त्यांना गाजावाजा नको असेल, कारण उद्या काही झालं तर झळ त्यांनाच लागणार. त्यांना न विचारता केलेल्या धाडसाचं मला कौतुक नाही.

सगळे गप्प आहेत म्हणजे सगळ्यांना ते पटलंय, असं धरू नका. लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा १९६८ सालचा एक प्रयोग आहे. माणूस खोलीत बसलेला असताना आत धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी उठून कळवलं. शेजारी मुद्दाम गप्प राहणारे दोघे बसवले, तेव्हा फक्त १० टक्के उठले. बाकीचे शांत आहेत म्हणजे काही नसेल, असं जो तो समजला. तुमच्या गल्लीतही तेच होत असेल. तुमच्या मैत्रिणीला मात्र त्या शांततेत होकार ऐकू येतोय.

तुमच्या यजमानांची भीती खोटी नाही. रात्री एकटीने ब्रश घेऊन जाऊ नका आणि लिहिणाऱ्यांशी वाद घालत बसू नका. भिंतीचा फोटो काढा, तारीख-वेळ टिपून ठेवा, पोलिसांत लेखी तक्रार द्या. मग गल्लीतला एक माणूस गाठा, ज्याच्या मनात हेच सलत असेल. एकाचे दोन झाले की तिसऱ्याला विचारणं सोपं जातं. भिंतीच्या मालकाला विचारून दिवसाउजेडी, चारचौघांनी मिळून ती रंगवा.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात बिलिंग्ज नावाचं शहर आहे. १९९३ साली तिथे एका मूळनिवासी कुटुंबाच्या घरावर द्वेषाचं काहीबाही रंगवलं गेलं. रंगाऱ्यांच्या संघटनेचे सुमारे ३० जण आले आणि त्यांनी घर पुन्हा रंगवून दिलं. त्याच वर्षी एका ज्यू मुलाच्या खिडकीत सणाचा दिवा दिसला म्हणून कुणीतरी काचेवर वीट फेकली. स्थानिक वृत्तपत्राने त्या दिव्याचं पानभर चित्र छापलं आणि हजारो घरांनी ते खिडकीत लावलं. चित्र लावणाऱ्या काही जणांच्याही काचा फुटल्या, हे तुमच्यापासून लपवणार नाही. तरी चित्रं वाढत गेली.

उद्या सकाळी मैत्रिणीला विचारून बघा, "पुढच्या वाटेने मी येऊ का तुमच्याबरोबर?" नको म्हणाली तर आग्रह करू नका. परवा पुन्हा विचारा.