घटस्थापनेला नवं वर्ष, दसऱ्याला बंद दार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या मजल्यावर एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब राहतं. 2024 मध्ये त्यांचं नवं वर्ष नेमकं घटस्थापनेला आलं, 2025 मध्ये एका दिवसाच्या फरकाने. 2026 मध्ये मात्र ते गणपतीच्या तोंडावर दिसतं. छपाईची चूक का? शिवाय दोन्ही वर्षी दसऱ्याला सोनं द्यायला गेलो, तर दाराला कुलूप! – एक वाचक, ठाणे

उत्तर : छपाई बरोबर आहे. ज्यूंच्या हिब्रू पंचांगाचा महिना मराठी महिन्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, आणि सूर्याशी मेळ राहावा म्हणून दोन्ही पंचांगांत अधिक महिना धरतात. तो कधी धरायचा, इथे वाटा फुटतात. मराठी अधिक मास संक्रांतीच्या गणितावरून ठरतो, त्यामुळे त्याची जागा बदलती. हिब्रू अधिक महिने 19 वर्षांत 7 असे बांधलेले, आणि तेही फक्त अदारच्या जागी, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या सुमाराला. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने पुढचे सगळे मराठी सण महिनाभर लांबतात. हिब्रू अधिक महिना पडतो तो थेट 2027 च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात दोन्ही पंचांगांची फारकत. म्हणून रोश हशाना, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, 12 सप्टेंबरला आणि गणेश चतुर्थी 14 ला. मार्च 2027 मध्ये पुरीम हा त्यांचा आनंदाचा सण पुन्हा होळीला येऊन मिळतो. कोकणात पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत ते उगाच नव्हे.

आता कुलपाचं. पंचांगं जुळलेल्या वर्षी योम किप्पूर, म्हणजे त्यांचा प्रायश्चित्ताचा उपास, दसऱ्याच्या आसपास येतो. 12 ऑक्टोबर 2024 आणि 2 ऑक्टोबर 2025 या दिवशी तर दोन्ही एकत्रच होते. जुन्या बेने इस्रायली बोलीत हा ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारं बंद ठेवण्याचा. आदल्या संध्याकाळपासून सुमारे 25 तास पाण्याचा थेंबही नाही, पांढरे कपडे, आणि दिवसभर सिनेगॉगमध्ये प्रार्थना. सोनं दुसऱ्या दिवशी न्या. त्याला ‘शिलासण’ म्हणतात आणि तो भेटीगाठींचाच दिवस. कोजागरीचं आटीव दूधही चालेल, फक्त त्या रात्री त्यांच्याकडे मटण झालेलं नसावं, कारण मांसाबरोबर दूध त्यांना चालत नाही.

प्रश्न : नव्या घरात पहिल्यांदाच मलिदा (आम्हा बेने इस्रायलींचा गोड पोह्यांचा, एलियाहू पैगंबरांच्या नावाचा विधी) करायचा आहे. आजी करायची ते पोहे मोकळे असायचे, माझा दोनदा लगदा झाला. शनिवारी रात्री बारा माणसं येणार, त्यांत काही शेजारीही. – एक वाचक, पुणे

उत्तर : लगद्याची कारणं बहुधा तीन. पातळ पोहे घेतले, ते पाण्यात बुडवून ठेवले, किंवा साखर लवकर घातली.

बारा जणांना अर्धा किलो जाडे पोहे, दोन मध्यम नारळांचा ताजा चव, पाव किलो साखर, दीड चमचा वेलदोड्याची पूड, थोडं जायफळ, मूठ-मूठ काजू, बदाम आणि बेदाणे. पोहे चाळणीत घेऊन नळाखाली हाताने एकदा फिरवायचे आणि चाळणी तशीच वीस मिनिटं निथळत ठेवायची. दाणा बोटांत दाबला की चेपला पाहिजे, पण पीठ होता कामा नये. आतून टणक लागला तर पाण्याचा हबका मारून झाका. मग खोबरं आणि सुका मेवा हलक्या हाताने मिसळायचा. साखर वाढायच्या अर्धा तास आधीच, कारण तिला पाणी सुटतं. फ्रीजरमधलं खोबरं वापरत असाल तर आधी फडक्यात दाबून घ्या. दूध-तूप अजिबात नको. मलिद्यामागून मटणाचं जेवण असतं, आणि मांसाबरोबर दुधाचं काही चालत नाही. आपल्या रश्श्यात नारळाचं दूध असतं ते याच हिशेबाने.

ताटात मधोमध पोह्यांचा ढीग, भोवती पाच प्रकारची फळं. खजूर आणि केळी त्यांत हवीतच : खजुरावर झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हणतात, केळ्यावर जमिनीच्या पिकाचा. वासाच्या आशीर्वादासाठी सब्जाची डहाळी किंवा गुलाब ठेवा. वाण्याकडचं सब्जाचं बी इथे कामाचं नाही, पानांची हिरवी डहाळी फुलवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते.

तुमची खरी अडचण वेळेची आहे. शब्बाथ (काम वर्ज्य असलेला आठवड्याचा दिवस) संपेपर्यंत, म्हणजे आकाशात तीन तारे दिसेपर्यंत, नारळ खवता येणार नाही. शुक्रवारी दुपारीच खवून फ्रीजमध्ये ठेवा, सुका मेवाही तेव्हाच चिरा. पोहे मात्र शनिवारी तारे दिसल्यावरच धुवायचे. एलियाहू हन्नाबीचं गाणं सुरू होईपर्यंत ते बरोबर मऊ होतात. शेजारच्या पुरुषांसाठी चार-पाच जास्तीच्या टोप्या दाराशी ठेवा, म्हणजे कुणी डोक्यावर रुमाल शोधत बसणार नाही.

प्रश्न : शेजारच्या ज्यू काकू सत्यनारायणाचा प्रसाद घेत नाहीत, पण दिवाळीचा फराळ घेतात. मग राग कशाचा? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : राग मुळीच नाही. मूर्तीपुढे किंवा देवाला नैवेद्य दाखवलेलं अन्न त्यांच्या धर्मात वर्ज्य आहे. तोच शिरा नैवेद्याआधी वेगळा काढला आणि तसं सांगून दिला, तर प्रश्न मिटतो. (पूजेनंतर वाटी भरून ‘हा प्रसाद नाही हं’ असं म्हणू नका, काकूंना कळतं.) चकली, चिवडा केव्हाही चालेल. तुपातले लाडू त्या मटण खाल्लेल्या दिवशी बाजूला ठेवतील.

एकच आठवडा सांभाळा. पेसाख हा ज्यूंचा सण सहसा चैत्री पौर्णिमेच्या सुमाराला सुरू होतो आणि आठ दिवस चालतो. त्या दिवसांत खमीर चढलेलं काही घरात ठेवत नाहीत, म्हणून पाव, बिस्किटं, शंकरपाळे, करंज्या पाठवू नका. बेने इस्रायली घरांत तेव्हा तांदूळ चालतो, पण घरी नीट निवडलेला. आख्खा नारळ किंवा फळं दिली की काम झालं.

प्रश्न : ‘शनवार तेली’ म्हणजे हे बेने इस्रायलीच का? – एक वाचक, रोहा

उत्तर : हेच. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते नाव. आडनावं गावांवरून : किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, आणि तुमच्या रोह्याला लागून असलेल्या अष्टमीचे अष्टमकर. शाळेच्या अर्जात धर्माचा रकाना भरताना अजून गोंधळ होतो असं काही जण कळवतात. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला आहे. त्यामुळे ‘इतर’वर खूण न करता ‘ज्यू’ असं स्पष्ट लिहावं.